किनाऱ्यावरचा कचरा गाडीच्या टाकीत!

बार्बाडोस म्हटलं की काय आठवतं? मला तर २९ जून २०२४ ची रात्र आणि सूर्याने सीमारेषेवर घेतलेला तो कॅच! पण त्या बेटावर आणखी एक मॅच चालू आहे, समुद्री शेवाळाशी. आज तिच्याबद्दल बोलू.

हे शेवाळ म्हणजे सरगॅसम. तपकिरी, पाण्यावर तरंगणारं. २०११ पासून अटलांटिकमधून त्याचे ढीगच्या ढीग कॅरिबियन किनाऱ्यांवर येऊन पडतायत. कुजलं की सडक्या अंड्यासारखा वास. पर्यटक पाठ फिरवतात, मच्छीमारांच्या होड्या अडकतात. आणि बेटाचं पोट तर पर्यटनावर!

वेस्ट इंडीज विद्यापीठातल्या डॉ. लेजेना हेन्री आणि त्यांचे विद्यार्थी गाड्यांसाठी इंधन शोधत होते. आधी उसाचा विचार झाला, पण बेटावर तेवढा ऊस नाही. तेव्हा एका विद्यार्थिनीनं सुचवलं, ट्रक भरभरून फेकलं जाणारं हे शेवाळच घेऊ या.

आता रेसिपी ऐका. सरगॅसम, रमच्या डिस्टिलरीचं सांडपाणी (कारण बेटावर गोड्या पाण्याची टंचाई) आणि तिथल्या ब्लॅकबेली मेंढ्यांच्या लेंड्या. सगळं हवाबंद टाकीत. लेंड्यांमधले जिवाणू ते कुजवतात, मिथेन तयार होतो. ओळखलंत ना? आपला गोबर गॅसच की हा! तो साफ करून दाबाखाली भरला की सीएनजीच्या गाडीत चालतो. २०२४ मध्ये त्यांनी गाडी चालवूनही दाखवली.

मग इथेनॉल का नाही? तपकिरी शेवाळातली बरीच शर्करा अल्जिनेटच्या रूपात असते आणि साधं यीस्ट ती आंबवू शकत नाही. शिवाय ताज्या शेवाळात बहुतेक पाणीच. ते वाळवायचं तर त्यातच ऊर्जा खर्च. गॅसच्या टाकीला मात्र ओलं चालतं.

अडचणीही आहेत, बरं का. शेवाळ कधी डोंगराएवढं, कधी नावालाही नाही. त्यातल्या गंधकामुळे तयार होणारा वायू इंजिन गंजवतो, म्हणून तो आधी काढावा लागतो. आणि शेवाळात आर्सेनिक असतं, त्यामुळे उरलेला चोथा तपासल्याशिवाय शेतात टाकता येत नाही.

यावर सगळं जग धावेल असं मला वाटत नाही. पण बहुतेक इंधन बाहेरून विकत घेणाऱ्या छोट्या बेटाला दारात आलेली घाण उपयोगी पडली, तर तीही मॅच जिंकल्यासारखीच, नाही का?

तुमच्या गावात असं फुकट जाणारं काय आहे? नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!