शब्दांचा धनी आणि साथीचे तिघे

तबलजी बदलला की तेच गाणे निराळे वाटू लागते, हा अनुभव मैफलीस नेमाने जाणाऱ्यांस नवा नाही. परंतु साथ करणाऱ्यांमुळे एखाद्या गीतकार-गायकाचे थांबलेले गाणे पुन्हा चालू लागावे, आणि ते साथीदारही त्याच्याहून दहा-अकरा वर्षांनी धाकटे असावेत, असे वारंवार घडत नाही. अमेरिकेत ते १९८७ साली घडले. गायकाचे नाव वॉरन झीव्हॉन. साथ करणारे तिघे म्हणजे 'आर. ई. एम.' या बँडमधील पीटर बक, माइक मिल्स आणि बिल बेरी. आज आम्हांला बोलावयाचे आहे ते या चौघांविषयी.

प्रथम बँड या शब्दाचा खुलासा करावयास हवा, नाहीतर काही श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर वरातीपुढचे पितळी कर्णे उभे राहतील. येथे बँड म्हणजे तीन-चार मित्रांचा कायमचा संच: एक गिटार, एक बेस गिटार, एक ढोलताशांचा संच म्हणजे ड्रम्स, आणि एक गाणारा. 'अल्टर्नेटिव्ह' हे विशेषण समजावयास आपल्याजवळ चांगला आधार आहे. व्यावसायिक नाटकांच्या जोडीने आपल्याकडे जशी समांतर रंगभूमी उभी राहिली, तसाच हा प्रकार. बड्या कंपन्या आणि बडी नभोवाणी केंद्रे ज्यांना विचारीत नसत, अशा बँडांची गाणी तेथील महाविद्यालयांतील विद्यार्थी आपल्या छोट्या नभोवाणी केंद्रांवरून वाजवीत. आर. ई. एम. हा अशा बँडांतला अग्रणी. जॉर्जिया राज्यातील अथेन्स या विद्यापीठाच्या गावी १९८० साली तो निघाला आणि २०११ साली त्याने आपण होऊन काम थांबविले.

झीव्हॉनची जात अगदी वेगळी. तो १९४७ साली शिकागोत जन्मला, लहानपणी पाश्चात्त्य अभिजात संगीत शिकला, स्ट्राव्हिन्स्कीसारख्या थोर संगीतकाराच्या घरी जाण्याचे भाग्य त्याला पोरवयात लाभले. पुढे एव्हर्ली बंधूंच्या संचात पियानो वाजवून त्याने पोट भरले. १९७६ आणि १९७८ साली निघालेल्या दोन तबकड्यांनी त्याचे नाव झाले. दोन्हींच्या निर्मितीमागे जॅक्सन ब्राउन हा त्याचा गायक मित्र होता. भाडोत्री सैनिक, जुगारी, गुंड, मद्यपी अशी माणसे त्याच्या गाण्यांतून वावरतात. त्यांच्याविषयी तो अशा कोरड्या विनोदाने बोलतो, की ऐकणारा हसतो आणि मग आपण कशावर हसलो या विचाराने चपापतो. लंडनमधील नरवृकांवरचे त्याचे गाणे १९७८ साली अमेरिकेच्या विक्रीयादीत २१ व्या क्रमांकापर्यंत गेले. त्या एकाच गाण्यासाठी ड्रम्स आणि बेस वाजवावयास फ्लीटवुड मॅक या तेव्हाच्या नामांकित बँडमधील दोघांना बोलावले होते. लॉस एंजेलिसची रीतच तशी होती. गाणे तयार झाले की त्याला शोभतील ते वादक गोळा करावयाचे. पुढच्या गाण्यास दुसरे.

मग दारूने घात केला. १९८२ सालच्या तबकडीला गिऱ्हाईक मिळाले नाही आणि कंपनीने करार संपविला. ही बातमी त्या गृहस्थाला 'रोलिंग स्टोन' नियतकालिकात वाचून कळली! पुढची पाच वर्षे त्याची नव्या गाण्यांची एकही मोठी तबकडी निघाली नाही. याच काळात त्याने दारू सोडली. आणि याच काळात त्याची गाठ अथेन्सच्या तिघांशी पडली. १९८४ साली तेथील '४० वॉट क्लब' या छोट्या नाट्यगृहवजा जागेत ही मंडळी एकत्र वाजवावयास उभी राहिली. संचाला नाव दिले 'हिंदू लव्ह गॉड्स'. नाव ऐकून कोणी रती-मदनाची स्तोत्रे शोधू जाईल तर त्याची निराशा होईल. आपल्या देवांशी त्या संगीताचा काडीचाही संबंध नाही. त्या नावाने १९८६ साली एक छोटी तबकडी निघाली, ती फारशी कोणी घेतली नाही.

खरे काम पुढच्या वर्षी झाले. व्हर्जिन कंपनीने झीव्हॉनशी नवा करार केला आणि 'सेंटिमेंटल हायजीन' ही तबकडी १९८७ च्या ऑगस्टात बाहेर पडली. तिच्यावर पाहुण्यांची रीघ आहे. नील यंगची गिटार आहे, बॉब डिलनचा माउथ ऑर्गन आहे, आर. ई. एम.चा गायक मायकेल स्टाइप एका गाण्यात मागून सूर देतो. पण पाहुणे येतात आणि जातात. घर सांभाळतात ते बक, मिल्स आणि बेरी.

आता आम्हांस महत्त्वाचा वाटणारा मुद्दा सांगतो. आर. ई. एम.मध्ये संगीत प्रायः हे तिघे रचीत आणि शब्द स्टाइपचे असत. गाण्यावर नावे मात्र चौघांची सारखी लागत. म्हणजे दुसऱ्याच्या शब्दांभोवती चौकट उभी करणे हा तिघांचा रोजचा व्यवसाय होता. गंमत अशी की स्टाइपचे सुरुवातीच्या तबकड्यांवरील शब्द धड ऐकू येत नसत. १९८३ सालच्या त्यांच्या पहिल्या मोठ्या तबकडीचे नावच 'मर्मर', म्हणजे पुटपुट! झीव्हॉनचा मात्र एक शब्द निसटला तर विनोद फसलाच म्हणून समजा. पुटपुटणाऱ्याची साथ करण्यात मुरलेल्या वादकांनी स्पष्टवक्त्याची साथ केली, आणि ती उत्तम केली. ती कशी?

आमच्या समजुतीप्रमाणे याचे उत्तर त्यांच्या संयमात आहे. बक हा लांबलचक एकल वादन करून टाळ्या घेणारा गिटारवाला नव्हे. तारा सुट्या सुट्या छेडून तो एक जाळी विणतो आणि त्या जाळीतून आवाज आरपार जाऊ देतो. बेरीचा ठेका सरळ, मिल्सचा बेस मात्र स्वतःची चाल गुणगुणत जाणारा. हे तिघे सात वर्षे लहान-मोठ्या गावांतून एकत्र वाजवीत हिंडले होते, आणि तो एकजीवपणा पैसे मोजून एका दिवसासाठी आणता येत नाही. व्यसनमुक्तीच्या आलिशान आश्रमाची टर उडविणारे 'डिटॉक्स मॅन्शन' ऐकावे. विषय गायकाच्या स्वतःच्या जखमेचा. ठेका क्षणभर जरी हळवा झाला असता तरी गाणे रडके झाले असते. तो हळवा होत नाही. 'ईव्हन अ डॉग कॅन शेक हँड्स' या गाण्यावर तर रचनाकार म्हणून चौघांची नावे आहेत. तेथे साथ संपून भागीदारी सुरू होते.

याच मुक्कामात एका रात्री चौघांनी उजाडेपर्यंत मनास येईल ते वाजविले. रॉबर्ट जॉन्सन आणि मडी वॉटर्स यांचे जुने ब्लूज, वूडी गथ्रीचे एक गाणे, प्रिन्सचे एक ताजे गाणे. छापण्याचा हेतू नव्हता. पण १९९० साली ती दहा गाणी 'हिंदू लव्ह गॉड्स' याच नावाने विक्रीस आली. एवढा शब्दप्रभू, आणि त्या तबकडीवर स्वतःचा एकही शब्द नाही! काही टीकाकारांनी तिला फावल्या वेळचा खेळ म्हटले. खेळ तर ती आहेच. पण शब्दांचे ओझे खाली ठेवलेला झीव्हॉन केवळ गायक म्हणून किती मोकळा होता, हे तिच्याखेरीज कोठे ऐकावयास मिळणार?

सारे गोड झाले असे मात्र नाही. १९८९ साली झीव्हॉनने 'ट्रान्सव्हर्स सिटी' काढली. भविष्यकाळातील नगराची कल्पना, थरावर थर चढविलेले नाद, पुन्हा पाहुण्यांची गर्दी. आणि घर सांभाळणारे ते तिघे नाहीत. ती खपली नाही, व्हर्जिनने त्याला सोडले. तबकडी वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. पण तीत शब्द शोधावे लागतात. पुढे तो एकटाच गिटार आणि पियानो घेऊन गावोगाव फिरला, आणि त्या दौऱ्यांची तबकडी १९९३ साली निघाली. चौघांच्या संचाने दुसरी मोठी तबकडी कधीच केली नाही. इकडे आर. ई. एम.ची 'डॉक्युमेंट' १९८७ च्या सप्टेंबरात, म्हणजे 'सेंटिमेंटल हायजीन'च्या पाठोपाठच निघाली आणि हे विद्यार्थ्यांचे आवडते मित्र देशभर गाजले. झीव्हॉन २००३ साली फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाने गेला. २०२५ साली रॉक संगीताच्या कीर्तिमंदिरात त्याचे नाव लागले.

ज्यांना हे प्रत्यक्ष ऐकावयाचे असेल त्यांनी क्रम असा ठेवावा: आधी १९७८ सालची 'एक्सायटेबल बॉय', मग 'सेंटिमेंटल हायजीन', आणि रात्र मोकळी असेल तर शेवटी ती दहा गाणी. दुसऱ्या तबकडीच्या वेळी पहिल्यांदा शब्दांकडे लक्षच देऊ नये. बेरीचा ठेका धरावा, बकच्या तारा कोठे थांबतात ते पाहावे, आणि मग तेच गाणे पुन्हा लावावे.