गवताआडचा वाघ

मनुष्याचा डोळा आणि कॅमेऱ्याचे भिंग यांच्या पाहण्यात मोठे अंतर आहे. कान्ह्याच्या कुरणात किंवा काझीरंगाच्या उंच गवतात वाघ दिसला, की पाहणाऱ्याचे मन मधले गवत सहज बाजूला सारते. त्याला वाघ तेवढा दिसतो. भिंगाला असा पक्षपात ठाऊक नाही. समोर जे जे असेल, ते ते सारे ते टिपून घेते. म्हणूनच अरण्यातून परतलेला छायाचित्रकार आपले चित्र न्याहाळू लागला, की वाघाच्या अंगावर हिरवट, धुरकट पट्टे पसरलेले त्याला आढळतात आणि ते पुसता येतील काय, असा प्रश्न पडतो. संगणकाच्या साहाय्याने आज जवळजवळ काहीही पुसता येते. परंतु कोठवर पुसावे, याचे उत्तर संगणकापाशी नाही. ते प्रकाशाच्या नियमांत आहे.

हे धुरके उत्पन्न कसे होते? समजा, भिंगाचे नाभीय अंतर ४०० मिलिमीटर असून त्याचे छिद्र १०० मिलिमीटर, म्हणजे तळहाताच्या रुंदीएवढे, उघडले आहे. वाघ ४० मीटरांवर उभा आहे. त्याच्या अंगावरील प्रत्येक बिंदूपासून निघालेले किरण शंकूप्रमाणे पसरत या सबंध छिद्रात शिरतात. भिंगापासून २ मीटरांवर या शंकूची रुंदी ९५ मिलिमीटर भरते. तेथे ५ मिलिमीटर रुंदीचे एखादे पाते आड आले, तर ते फार तर सात टक्के किरण अडवील. बाकीचे भिंगापर्यंत पोहोचतातच. मात्र त्या पात्यावर ऊन पडले असेल, तर त्याचा स्वतःचा प्रकाश चित्रावर तलम मलमलीसारखा पसरतो. काळा पट्टा राखी होतो, पिवळ्यात हिरवी झाक येते. पण त्या मलमलीखाली वाघ शाबूत असतो.

तेच पाते वाघाच्या पुढ्यात १ मीटरावर असते, तर गोष्ट अगदी निराळी झाली असती. तेथे शंकूची रुंदी अवघी अडीच मिलिमीटर उरते. पात्याच्या मध्यभागी ते सारे किरण अडतात आणि मागच्या कातडीची कोणतीही वार्ता भिंगापर्यंत येत नाही. पहिल्या प्रकारात वाघावर पडदा आहे. दुसऱ्यात भिंत आहे.

पडदा विरळ करण्याचा मार्ग सरळ आहे. कॅमेऱ्याने साठवलेली मूळ, संस्कारहीन नोंद घ्यावी. धुरकटलेला भाग तेवढा मऊ कडांनी वेगळा करावा. त्यातील काळा रंग पुन्हा गडद करावा, हिरवी झाक उतरवावी आणि छायाप्रकाशाचा मावळलेला विरोध हळूहळू वाढवावा. यात नवे काही घातले जात नाही. जे आलेच होते, ते केवळ वर काढले जाते. हात आवरता घेणे मात्र आवश्यक. अतिरेक केला, की चित्रात रवाळपणा उमटतो.

भिंतीपुढे हा उपाय निरुपयोगी ठरतो. तेथे मग दुसरी साधने पुढे येतात. १९९० साली बाजारात आलेल्या फोटोशॉपमध्ये २०१० पासून आसपासचा पोत पाहून रिकामी जागा आपोआप भरण्याची सोय झाली, आणि २०२३ पासून तर कृत्रिम बुद्धिमत्ता सर्वस्वी नवे चित्र रचून ती जागा भरू लागली. परिणाम इतका बेमालूम असतो, की सांधा शोधूनही सापडत नाही. परंतु तेथे दिसणारा पट्टा वाघाचा नसतो. तो यंत्राचा तर्क असतो.

यात बिघडले काय, असे कोणी म्हणेल. उत्तर असे, की वाघाचा पट्टा ही नुसती शोभा नव्हे. ती त्याची ओळख आहे. कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. किंबहुना एकाच वाघाच्या डाव्या-उजव्या कुशीही जुळत नाहीत. डॉ. उल्हास कारंत यांनी नागरहोळेच्या अरण्यात १९९० च्या दशकात स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या चित्रांतून पट्टे ताडून वाघांची संख्या अनुमानिली. पुढे हीच पद्धत देशव्यापी गणनेचा आधार झाली. २०२२ च्या गणनेत भारतातील वाघांची सरासरी अनुमानित संख्या ३,६८२ ठरली, तीही बव्हंशी पट्ट्यांच्या साक्षीवर. पर्यटकाने हौसेने काढलेले चित्रही उद्या एखाद्या वाघाची ओळख पटविण्यास उपयोगी पडू शकते. त्यात यंत्राने एक पट्टा घातला, तर कोणत्याही अरण्यात न जन्मलेला वाघ कागदावर अवतरतो.

लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयाच्या वन्यजीव छायाचित्रस्पर्धेत चित्रातील वस्तू काढण्यास वा नव्याने घालण्यास मनाई आहे, आणि पडताळ्यासाठी मूळ नोंद मागविली जाते, ती याच कारणाने. भिंतीवर टांगण्याच्या चित्रात कोणी जागा भरली, तर तो गुन्हा नव्हे. पण तसे चित्राखाली लिहिणे हे कर्तव्य आहे.

सर्वांत उत्तम उपाय अर्थातच चित्र घेण्याच्या क्षणीच करावयाचा असतो. छिद्र पूर्ण उघडावे, म्हणजे जवळचे गवत अधिक विरते. कॅमेरा वीतभर डावीकडे वा उजवीकडे सरकवावा. वाघ दोन पावले पुढे येईपर्यंत थांबावे. आणि एवढे करूनही गवत मध्ये राहिलेच, तर ते राहू द्यावे. वाघ गवतातच राहतो, आणि त्याचे पट्टे त्याला निसर्गाने गवतात लपण्यासाठीच दिले आहेत.