एकोणिसाव्या वर्षाचे कान

१९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, अमेरिकेतून मूग सिंथेसायझर आला. तिथे त्याच्यासमोर बसलेल्यांत जिनराज जोशीपुरा नावाचा १९ वर्षांचा मुलगा होता. तो संगीताचा नव्हे, वास्तुकलेचा विद्यार्थी. त्याने या यंत्रावर 'स्पेस लायनर २००१' रचलं.

त्या वर्षाचं वारंच तसं होतं. जुलैत माणूस चंद्रावर उतरला, ऑगस्टमध्ये इस्रोची स्थापना झाली. अहमदाबादकर विक्रम साराभाई इस्रोचे प्रणेते, तर त्यांच्या भगिनी गीता साराभाई या संगीत प्रयोगांच्या मुळाशी.

गीताबेन पखवाज वाजवत. पखवाजावर स्त्रीचा हात पडणं हेच त्या काळी नवल होतं. १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांची संगीतकार जॉन केज यांच्याशी गाठ पडली. केज त्यांना पाश्चात्त्य संगीत शिकवत आणि फी म्हणून भारतीय संगीत शिकून घेत. या मैत्रीच्या धाग्यानेच पुढे डेव्हिड ट्यूडर अहमदाबादला आले. १९५२ मध्ये केज यांची '४ मिनिटं ३३ सेकंद' ही रचना प्रथम सादर करताना पियानोपुढे बसून एकही सूर न वाजवणारे ते हेच ट्यूडर. एनआयडीचा स्टुडिओ त्यांनीच उभा करून दिला.

मूगची गंमत जवळून पाहण्यासारखी आहे. त्यात सूर तयार मिळत नाही, घडवावा लागतो. ऑसिलेटर कंप निर्माण करतो, फिल्टर त्यातल्या नको त्या छटा गाळतो, तिसरा विभाग आवाज चढवतो-उतरवतो. हे सगळे छोट्या वायरींनी जोडायचे. एका ऑसिलेटरचा अगदी संथ कंप दुसऱ्याला दिला, की दुसऱ्याचा सूर झुलायला लागतो. दरबारी रागातल्या गंधाराचं आंदोलन ऐकलेल्या कानाला ही हालचाल परकी वाटत नाही. मात्र यंत्राला स्मरणशक्ती नव्हती. वायरी उपटल्या की तो आवाज गेला. उरायचं ते टेपवर.

त्या टेपांवर किती तऱ्हा आहेत! आय. एस. माथुर यांच्या एका रचनेच्या नावातच तानपुरा आहे. एस. सी. शर्मा यांनी नृत्यासाठी संगीत केलं. अतुल देसाई यांनी १९७० च्या ओसाका प्रदर्शनासाठी ध्वनिमुद्रण केलं. देसाई ओंकारनाथ ठाकूरांचे शिष्य आणि ठाकूर कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांचे. कुरुंदवाडहून निघालेली गाण्याची वाट अशी दोन पिढ्यांत मूगपर्यंत पोचली.

१९७२ नंतर स्टुडिओ थंडावला आणि टेपा संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या.

मुंबईत असाच एक प्रयोग १९८२ साली झाला. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं जोडून दहा रागांची एलपी काढली. त्यातलं टीबी-३०३ हे गिटारवादकांना बासची साथ मिळावी म्हणून बनवलेलं. पण ते एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाऊ शकायचं. भैरव, ललत, मालकंस वाजवणाऱ्याला मींडेच्या जवळ जाणारं हे घसरणं मोलाचं होतं. ती तबकडी तेव्हा फारशी कुणी उचलली नाही. १९८७ मध्ये शिकागोच्या तरुणांनी त्याच यंत्रातून 'ॲसिड हाउस' नावाचं नृत्यसंगीत घडवलं आणि २०१० मध्ये सिंग यांची तबकडी पुन्हा निघाली, तेव्हा जगभरचे श्रोते तारखा ताडून पाहू लागले.

अहमदाबादच्या टेपांनाही असेच कान मिळाले. ब्रिटिश संगीतकार पॉल पर्गस यांनी त्या शोधून नीट केल्या, २०२० मध्ये बीबीसी रेडिओवर त्यांची कहाणी सांगितली आणि २०२३ मध्ये 'द एनआयडी टेप्स' हा संग्रह प्रसिद्ध झाला. जोशीपुरांची रचना त्यात आहे.

तेव्हा मूगसारखं यंत्र संस्थेलाच परवडायचं. आज 'व्हीसीव्ही रॅक' हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. हॉस्टेलच्या खोलीत, रूममेट झोपली असताना, कानाला हेडफोन लावून एखादी मुलगी पडद्यावर पिवळी वायर एका भोकातून दुसऱ्यात ओढते. सरळसोट सूर हळूहळू झुलायला लागतो. ती वेग आणखी कमी करते, आणखी थोडा, आणि दरबारी आठवून थबकते. मग हेडफोन काढून रूममेटला हलवून उठवते : "अगं, हे ऐक ना!"