बारमाही टायर : निवड आणि निगा

सोलापूरहून तुळजापूरकडे जाताना साधारणतः अर्ध्या वाटेवर तामलवाडी हे गाव लागते. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक २११ म्हणून ओळखला जाणारा व आता क्रमांक ५२ झालेला रस्ता या गावाजवळून जातो. येथील टोलनाक्यामुळे तामलवाडीचे नाव दूरदूरच्या वाहनचालकांनाही ठाऊक झाले आहे. सकाळच्या वेळी या नाक्यावर लांब पल्ल्याच्या मालमोटारींबरोबर लहान मोटारींचीही वर्दळ असते. मुलांच्या शिक्षणासाठी बिऱ्हाड सोलापुरात आणि नोकरी तुळजापूर तालुक्यात, असा संसार करणारे शिक्षक व कर्मचारी या मोटारींतून ये-जा करतात. पुष्कळदा एका मोटारीत चार-पाच जण वाटणीने प्रवास करतात. अशा मोटारीचा सर्वांत दुर्लक्षित आणि तरीही सर्वांत जोखमीचा भाग म्हणजे तिचे टायर होत. मोटार रस्त्याला टेकते ती चार ठिकाणी, आणि त्यांपैकी प्रत्येक ठिकाण जेमतेम तळहाताएवढे असते.

टायर बदलण्याची वेळ आली की दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो तो, “किती किलोमीटर चालेल?” हा. प्रश्न रास्त आहे. चार टायरांचा खर्च नोकरदाराच्या एका महिन्याच्या अंदाजपत्रकास चांगलाच हिसका देतो. परंतु किलोमीटरांचा हिशेब हा निवडीचा एकमेव निकष मानला, तर फसगत होण्याचा संभव असतो. टायर किती काळ झिजणार नाही यापेक्षा तो किती काळ ओल्या रस्त्यावर मोटार थोपवू शकेल, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

बारमाही म्हणजे काय?

थंड प्रदेशांतील देशांत उन्हाळी टायर, हिवाळी टायर आणि सर्व ऋतूंचे टायर असे तीन प्रकार प्रचलित आहेत. हिवाळी टायरचे रबर मुद्दाम मऊ ठेवलेले असते. तापमान सुमारे सात अंशांच्या खाली गेले की साधे रबर ताठर होते व त्याची पकड कमी होते. मऊ रबराची टिकून राहते. सर्व ऋतूंचा टायर हा या दोहोंमधील मध्यम मार्ग आहे. त्याच्या कडेवर चिखल व बर्फासाठीची इंग्रजी अक्षरे किंवा डोंगर व हिमकण यांचे चिन्ह असते. आपल्याकडील ग्राहकाने या चिन्हासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. धाराशिव जिल्ह्यात बर्फ पडत नाही. हिमकणाचे चिन्ह असलेले मऊ रबर एप्रिल-मे महिन्यांतील तापलेल्या रस्त्यावर उलट लवकर झिजते.

आपल्या भागाचे बारा महिने निराळे आहेत. सोलापूर-तुळजापूर पट्ट्यात उन्हाळ्यात पारा बेचाळीस अंशांच्या पुढे जातो, आणि तेव्हा डांबरी रस्त्याचा पृष्ठभाग साठ अंशांहून अधिक तापलेला असतो. पाऊस एकंदरीत बेताचा, पण येतो तेव्हा बेभरवशाचा. ऑक्टोबर २०२० मध्ये, म्हणजे पावसाळा आटोपला असे लोक धरून चालले असता, या परिसरात अतिवृष्टी झाली होती. शिवाय काळ्या मातीच्या शिवारातून डांबरी सडकेवर येणारे ट्रॅक्टर चाकांबरोबर चिखल घेऊन येतात आणि त्यावर पहिली सर पडली की रस्ता साबण लावल्यासारखा होतो. काटी, सावरगाव या बाजूंनी महामार्गास येऊन मिळणाऱ्या रस्त्यांवरून दुपारच्या सरीनंतर मोटार हाकणाऱ्यांस याचे अधिक वर्णन करण्याची गरज नाही. तेव्हा आपल्याकडील बारमाही टायर म्हणजे उन्हाची धग सोसणारा आणि पाणी लवकर बाहेर फेकणारा टायर, असा अर्थ घ्यावयास हवा.

प्रथम आपला हिशेब मांडावा

सोलापूर ते तामलवाडी अशी रोज जाऊन-येऊन सुमारे पन्नास किलोमीटर रपेट करणाऱ्या शिक्षकाचे उदाहरण घेऊ. वर्षाला २२० कामाचे दिवस धरल्यास ११,००० किलोमीटर होतात. सुटीतील व घरगुती फेऱ्या मिळवून ते १४,००० धरू. चांगला टायर ५०,००० किलोमीटर चालला, तर तो साडेतीन वर्षांत संपेल. याउलट सोलापूरहून धाराशिवच्या कार्यालयात जाणाऱ्या कर्मचाऱ्याची रोजची मजल १३० ते १४० किलोमीटरपर्यंत जाते. त्याचा तोच टायर दोन वर्षेही पुरणार नाही. आणि गावातच नोकरी असलेल्या, वर्षाकाठी जेमतेम ५,००० किलोमीटर मोटार चालविणाऱ्या गृहस्थाला तेवढे अंतर कापावयास दहा वर्षे लागतील.

या तिघांनी एकच टायर घेणे शहाणपणाचे नव्हे. रबर वापराने झिजते तसेच ते नुसत्या काळानेही म्हातारे होते. ऊन, उष्णता आणि हवेतील प्राणवायू यांच्यामुळे ते कडक होऊन त्यास बारीक चिरा पडतात. पाच-सहा वर्षांनंतर नक्षी शिल्लक असली तरी टायरची दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी, आणि दहा वर्षांनंतर तो कोणत्याही परिस्थितीत वापरू नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. म्हणून तिसऱ्या गृहस्थाने ‘सर्वांत टिकाऊ’ टायरसाठी जादा रक्कम देणे व्यर्थ होय. त्याचा टायर झिजण्यापूर्वीच जुना होणार. धाराशिवला जाणाऱ्या कर्मचाऱ्याला मात्र टिकाऊपणाचा खरोखर लाभ आहे. तामलवाडीचे शिक्षक या दोहोंच्या मध्ये आहेत. त्यांनी टिकाऊपणा आणि ओली पकड यांची सांगड घातलेला टायर पाहावा.

अशी सांगड घालावी लागते, कारण हे दोन गुण परस्परांशी भांडतात. रबराचे मिश्रण कठीण केले की ते कमी झिजते, पण ओल्या रस्त्याच्या बारीक खाचखळग्यांत ते नीट रुतत नाही. मऊ केले की पकड येते आणि आयुष्य घटते. १९९० नंतर मोटारींच्या टायरमधील रबरात काजळीबरोबर सिलिकेचा वापर वाढला. त्यामुळे हे भांडण पुष्कळसे सौम्य झाले, पण मिटले नाही. त्यामुळे एखाद्या विक्रेत्याने अवाच्या सवा किलोमीटरांचे आश्वासन दिले, तर ओल्या रस्त्यावरील पकडीचे काय, हे त्यास अवश्य विचारावे.

टायरवरील लिखाण

टायरच्या कडेवर बहुतेक सर्व माहिती छापलेली असते. ती वाचण्याची सवय मात्र आपणांस नाही. ‘१८५/६५ आर १५ ८८ एच’ असा मजकूर असल्यास, टायरची रुंदी १८५ मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या ६५ टक्के, बांधणी रेडियल आणि रिमचा व्यास १५ इंच, असा त्याचा अर्थ होतो. ८८ हा भाराचा निर्देशांक असून त्याचा अर्थ प्रत्येक टायर ५६० किलोग्रॅम भार पेलू शकतो. ‘एच’ हे अक्षर ताशी २१० किलोमीटरपर्यंतची वेगक्षमता दाखविते. एवढ्या वेगाने कोणी जावे असे नव्हे. परंतु वेगाची क्षमता ही वस्तुतः उष्णता सोसण्याची क्षमता असल्याने, मोटार बनविणाऱ्याने सांगितलेल्या अक्षरापेक्षा खालच्या दर्जाचा टायर बसवू नये. भाराच्या आकड्याचेही तसेच. पाच माणसे आणि मागे सी.एन.जी.ची टाकी असलेल्या मोटारीत तर या आकड्याकडे डोळेझाक करणे धोक्याचेच.

चार अंकांचा एक लहानसा चौकोन किंवा लंबगोल टायरच्या कडेवर असतो. ‘३२२४’ असे अंक असल्यास तो टायर २०२४ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात तयार झाला. दुकानात वर्ष-दीड वर्ष उन्हात पडून राहिलेला टायर ‘नवा’ म्हणून विकला जाऊ शकतो. म्हणून भाव ठरविण्यापूर्वी चारही टायरांचे हे अंक वाचावेत. हे अंक पुष्कळदा एकाच बाजूस असतात. टायर बसविल्यानंतर ते आतल्या बाजूस गेले तर दिसत नाहीत.

मोटारीच्या टायरवर भारतीय मानक संस्थेचे आय.एस.आय. चिन्ह असणे बंधनकारक आहे. तसेच केंद्र शासनाने जून २०२२ मध्ये काढलेल्या अधिसूचनेनुसार ओल्या रस्त्यावरील पकड, लोळण-अवरोध आणि आवाज या तीन बाबींसाठी टायरांना किमान कसोट्या लागू करण्यात आल्या आहेत. त्याखेरीज काही टायरांवर अमेरिकेच्या नियमांनुसार तीन दर्जे छापलेले आढळतात. पहिला आकडा झिजेचा. १०० या प्रमाण टायरच्या तुलनेत ४०० चा टायर चाचणीत चौपट टिकला, असा त्याचा अर्थ. हा आकडा प्रत्येक कंपनी आपल्या चाचणीवरून ठरविते, त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना करण्यास तो उपयोगी, दोन कंपन्यांच्या तुलनेस फारसा नाही. दुसरे अक्षर ओल्या रस्त्यावर थांबण्याचे आणि तिसरे उष्णता सोसण्याचे. आपल्या भागासाठी झिजेचा आकडा थोडा कमी असला तरी चालेल. या दोन अक्षरांत मात्र ‘ए’ दर्जा पाहावा.

कोणत्या कंपनीचा टायर घ्यावा, हे सांगणे या लेखाचे काम नाही. महाराष्ट्रातच भांडुप, नाशिक, वाळूज आणि चाकण येथे टायरचे कारखाने उभे राहिले, आणि बाजारात आज निवडीस भरपूर वाव आहे.

हवा : फुकटातले आयुष्य

पुष्कळ चालक टायर लवकर गेल्याचा दोष कंपनीवर टाकतात. दोष बहुधा हवेचा असतो. हवा कमी असलेला टायर चालताना अधिक दबतो, सतत वाकतो आणि त्या वाकण्याने आतून तापतो. मे महिन्याच्या दुपारी, भरलेल्या मोटारीत, चौपदरी रस्त्यावरील वेगाने ही उष्णता इतकी वाढते की रबराचे थर एकमेकांपासून सुटू लागतात. टायर ‘अचानक’ फुटला असे आपण म्हणतो, परंतु पुष्कळदा त्या फुटण्याची तयारी कित्येक आठवडे चाललेली असते. येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे प्राप्त आहे. उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून अनेक जण मुद्दाम हवा कमी ठेवतात. याचा परिणाम नेमका उलट होतो.

हवेचे योग्य प्रमाण चालकाच्या दाराजवळील पट्टीवर लिहिलेले असते. भरलेल्या मोटारीसाठी तेथे बहुधा वेगळा, अधिक आकडा असतो. वाटणीने प्रवास करणाऱ्यांनी तो पाळावा. हवा सकाळी, मोटार थंड असताना तपासावी. चालून तापलेल्या टायरमधील दाब आपोआप वाढलेला असतो, तो जास्त दिसला म्हणून हवा सोडू नये. नायट्रोजन भरल्याने दाब थोडा अधिक काळ टिकतो, एवढेच. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, तेव्हा पंधरा दिवसांनी साधी हवा तपासणे अधिक मोलाचे.

हवेचा पावसाशीही संबंध आहे. रस्त्यावर पाण्याचा थर साचला आणि टायरच्या खाचांतून ते पाणी वेळेत बाहेर गेले नाही, तर टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगू लागतो. सुकाणू आणि ब्रेक दोन्ही निरुपयोगी होतात. अमेरिकेच्या नासा या संस्थेतील संशोधकांनी १९६३ साली विमानांच्या टायरांच्या अभ्यासावरून मांडलेले एक सूत्र यासाठी वापरले जाते. त्यानुसार हवा ३२ पौंड असता तरंगण्याचा वेग ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतो आणि २४ पौंड असता तो ८२ पर्यंत खाली येतो. मोटारीच्या टायरला हे आकडे ढोबळमानानेच लागू पडतात, परंतु कमी हवेचा धोका त्यांवरून स्पष्ट होतो. टायर गोटा झालेला असेल तर पातळ थरानेही हे घडते.

केव्हा काढावा?

नव्या टायरच्या खाचा साधारणतः सात-आठ मिलिमीटर खोल असतात. कायद्यानुसार मोटारीसाठी किमान मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. खाचांच्या तळाशी याच उंचीचे लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीस आली की टायर कायद्याने बाद झाला. मात्र ही अखेरची मर्यादा आहे, सुरक्षिततेची नव्हे. ओल्या रस्त्यावर थांबण्याचे अंतर तीन मिलिमीटरच्या खाली झपाट्याने वाढू लागते. म्हणून एप्रिलमध्ये तीन मिलिमीटर उरलेला टायर ‘आणखी एक पावसाळा काढू’ म्हणून ठेवू नये. कोजागरी पौर्णिमेस सोलापूरहून हजारो भाविक याच मार्गाने पायी तुळजापूरला जातात व त्या काळात वाहतूक दुसरीकडे वळविण्यात येते. परंतु त्याच्या आधी व नंतर, नवरात्रात विशेषतः, रस्त्याच्या कडेने चालणारे लोक पहाटेच्या अंधारात असतातच. थांबण्याच्या अंतरात पडलेला फरक तेव्हा मिलिमीटरांत मोजता येत नाही.

कडेला फुगा आला, तार दिसू लागली किंवा कडेवर काप गेला, तर नक्षी कितीही असो, टायर काढावाच. कडेचे पंक्चर दुरुस्त करण्याचा प्रयत्न करू नये. पुढची चाके बहुतेक लहान मोटारींत लवकर झिजतात, म्हणून दर आठ-दहा हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल व अलाइनमेंट करून घ्यावे. दोनच नवे टायर घ्यावयाचे असतील, तर ते मागे बसवावेत. अनेकांना हे उलटे वाटते, पण ओल्या वळणावर मागची चाके घसरली की मोटार फिरते आणि ती सावरणे सामान्य चालकाच्या हाती राहत नाही. जुन्या बाजारातील, खाचा पुन्हा कोरलेले टायर मोटारीस कधीही लावू नयेत. एस. टी. महामंडळ टायरांचे पुनःस्तरण करते हे खरे. पण ते जड वाहनांचे मजबूत टायर असतात आणि ते काम तपासणीसह यंत्रशाळेत होते.

उतरविलेल्या टायरांचे काय करावयाचे, हा प्रश्न ग्रामपंचायतींच्या कक्षेत येतो. जुलै २०२२ पासून टाकाऊ टायरांच्या विल्हेवाटीची जबाबदारी नियमांनुसार उत्पादकांवर टाकण्यात आली आहे. तेव्हा जुने टायर विक्रेत्याकडेच परत द्यावेत. पंक्चरच्या दुकानामागे अथवा घराच्या गच्चीवर पडलेल्या टायरात पावसाचे पाणी साचते, आणि डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत महामार्गालगतच्या दुकानांतील टायरांचे ढीग हलविण्याचा किंवा ते झाकण्याचा विषय घेण्यास कोणत्याही वेगळ्या निधीची आवश्यकता नाही.