शिरोळचा रोव्हर आणि ओकव्हिलचं आकाश

२०२४च्या मार्चअखेरची गोष्ट. रविवारी सकाळी अकराला ओकव्हिलच्या घरी आमचे पोहे चालले होते, तेवढ्यात चुलतभावाचा व्हिडिओ कॉल आला. "अरे, ह्या डबड्याला काय झालंय बघ!"

दादा शिरोळ तालुक्यात खासगी मोजणीची कामं करतो. मार्चएंडची घाई, म्हणून गाडीच्या उजेडात पाइपलाइनची आखणी चालली होती. दिवसभर दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत नेमकी जागा सांगणारा रोव्हर अंधार पडला की 'फिक्स' सोडून 'फ्लोट'वर जायचा. आदल्या रात्री त्याने तीन खुंट्या तशाच ठोकल्या होत्या. सकाळी तपासलं, तर एक शेजाऱ्याच्या बांधापलीकडे! बांधावरून आपल्याकडे काय होतं, हे वाचकांना सांगायला नको.

मी इथे नेव्हिगेशनच्या सॉफ्टवेअरवरच काम करतो, त्यामुळे दादाचा माझ्यावर भारी विश्वास. मी ठोकून दिलं, "अँटेना गेलीय." त्याने नवी घेतली. रडगाणं तेच, वेळही तीच. मी घरामागच्या मैदानावर तसलाच रिसीव्हर लावून पाहिला, संध्याकाळीही ठणठणीत. तेव्हा कुठे डोक्यात आलं, की उपग्रह तेच असले तरी मधलं आकाश वेगळं आहे.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटरवर असतात. तिथून येणारा सिग्नल आयनांबरातून, म्हणजे उन्हामुळे इलेक्ट्रॉन सुटे झालेल्या थरातून, खाली येतो. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. तिथे दिवसा हा थर वर उचलला जातो आणि कारंज्यासारखा दोन्ही बाजूंना, आपल्याकडे पार गुजरात-मध्य प्रदेशापर्यंत, पसरतो. सूर्य मावळला की खालचा भाग झपाट्याने विरळ होतो, वरचा दाटच राहतो. तेलावर पाणी ओतल्यासारखी ही अवस्था. ती टिकत नाही. खालच्या विरळ पोकळ्या बुडबुड्यांसारख्या वर घुसतात. त्यांतून येणारा सिग्नल ताऱ्यासारखा लुकलुकतो आणि रिसीव्हरच्या हातून निसटतो. दोन फ्रिक्वेन्सींचा रिसीव्हर सिग्नलला झालेला उशीर हिशोबात धरू शकतो, पण सिग्नलच सुटला तर तो तरी काय करणार?

गंमत म्हणजे हे शोधायला मला लांब जावंच लागलं नाही. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं केंद्र आहे. तिथल्या कॅमेऱ्याने रात्रीच्या आकाशातला, डोळ्यांना न दिसणारा मंद लाल उजेड टिपलाय. त्यात हे बुडबुडे उत्तर-दक्षिण काळ्या पट्ट्यांसारखे दिसतात आणि पूर्वेकडे सरकत जातात. दादाच्या शेतापासून पन्नासेक किलोमीटरवर! विमानांसाठी 'गगन' उभारताना इस्रोलाही भारतीय आकाशासाठी वेगळं गणित मांडावं लागलं, ते याचमुळे.

पुढे १० मे २०२४ च्या रात्री मोठं सौरवादळ आलं. आम्ही लेक ऑन्टारिओच्या काठावर मुलांना घेऊन गुलाबी-हिरवं आकाश पाहत उभे होतो. लडाखच्या हानलेहूनही लाल झाक दिसली. अमेरिकेत ऐन पेरणीत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर थांबले, त्याच्या बातम्या झाल्या. शिरोळला मात्र एवढ्या वादळाची गरजच नसते. सूर्य जोरात असलेल्या वर्षांत मार्च-एप्रिल किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमधली साधी, निरभ्र संध्याकाळ पुरते.

आता दादा त्या महिन्यांत उजाडताच काम सुरू करतो आणि 'फ्लोट' दिसला की खुंटी ठोकत नाही. शेजाऱ्याची समजूत चहावर निघाली. अँटेनाचे पैसे मात्र तो अजून माझ्याकडे मागतोय.