तक्ता वाचला, डोळा वाचेल का?

मंडणगडपासून राजापूरपर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातल्या सरकारी शाळांत वर्षातून एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या या योजनेच्या ३० आजारांच्या मूळ यादीत जन्मजात मोतीबिंदू आहे, काचबिंदू नाही. दृष्टिदोष म्हणून तो सापडेल म्हणावं, तर भिस्त अक्षरांच्या तक्त्यावर. काचबिंदूत नजर बहुधा कडेने झिजते आणि मधली बराच काळ शाबूत राहते. त्यामुळे मूल शेवटची ओळही घडाघडा वाचतं आणि निरोगी ठरतं. म्हणूनच तपासणीत मुलाला काय दिसतं याबरोबर डोळा कसा दिसतो, हेही पाहायला हवं.

आक्सनफेल्ड-रीगर या दुर्मीळ विकारात हे नेमकं कळतं. डोळ्यात सतत पाणी तयार होतं आणि कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून त्याचा निचरा होतो. या विकारात तो कोपरा गर्भातच नीट घडलेला नसतो. निचरा अडला की दाब वाढतो आणि डोळ्याची नस सुकू लागते. अशा सुमारे निम्म्या रुग्णांना काचबिंदू होतो, अनेकदा शाळकरी वयात किंवा तरुणपणी. खुणा मात्र बऱ्याचदा आधीपासून असतात: बाहुली वाकडी किंवा बाजूला सरकलेली, दात कमी किंवा खुंटासारखे, बेंबीभोवती जादा कातडी.

इतक्या विरळ आजारासाठी पथकाचं काम का वाढवायचं, असं कुणी विचारेल. पण पथकात डॉक्टर असतातच आणि बाहुली पाहायला टॉर्च पुरतो. गावात दाब मोजता येत नाही, हेही खरं. पण पथकाने फक्त संशय घ्यायचा आहे, निदान नेत्रतज्ज्ञ करतील. गेलेली नजर परत येत नाही, मग शोधून उपयोग काय, हा आक्षेप तर उलटाच आहे. परत येत नाही म्हणूनच उरलेली राखायची, थेंबांनी, गरज पडल्यास शस्त्रक्रियेने आणि जन्मभर दाब तपासून. मोतीबिंदूची ‘पिकू दे, मग काढू’ ही सवय इथे घात करते. शिवाय हा दोष आई किंवा वडिलांत असेल, तर प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी. म्हणजे एका मुलाची वाकडी बाहुली दिसली की भावंडांना आणि आईवडिलांनाही बोलवावं. तक्ता एका वेळी एकच मूल तपासतो. टॉर्च कधी कधी अख्खं घर दाखवतो.