चांदी : आवाज, वीज आणि काळेपणा

बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव चांदीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे; ‘रजतनगरी’ हे नाव त्याला यावरूनच पडले. चांदीचा रुपया पारखण्याची जुनी रीत म्हणजे तो फरशीवर टाकून आवाज ऐकणे. नाणे आपटले की किंचित वाकते, स्थितिस्थापकतेमुळे पुन्हा सरळ होते आणि सेकंदाला हजारो वेळा कंप पावू लागते. चांदी-तांब्याच्या मिश्रणात ही ऊर्जा आतल्या आत फारशी जिरत नाही, म्हणून नाद रेंगाळतो. शिशात ती लगेच उष्णतेत बदलते आणि शिशाचा खोटा रुपया बद्द वाजतो.

ब्रिटिश अमदानीतील रुपया 11.66 ग्रॅमचा असून त्यात सुमारे 91.7 टक्के चांदी होती. शुद्ध चांदी मऊ असते, लवकर झिजते. तांबे तिला कणखर करते. 1940 मध्ये चांदीचे प्रमाण 50 टक्क्यांवर आले, तर 1947 चा रुपया निकेलचा होता. निकेलही खणखणीत वाजते. म्हणजे कान खोटे नाणे बाजूला काढू शकतो, पण चांदीची ग्वाही देऊ शकत नाही.

त्यासाठी घनता पाहणे बरे. चांदीची घनता पाण्याच्या 10.5 पट आहे. 100 ग्रॅमचा भरीव तुकडा दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून तोलला, तर काटा साधारण 90.5 ग्रॅम दाखवतो. तांबे हलके असल्याने त्याची भेसळ असलेल्या तुकड्याचे वजन पाण्यात याहून कमी भरते.

सर्व धातूंमध्ये वीज सर्वांत सहज वाहून नेते ती चांदीच. तिच्या प्रत्येक अणूतील बाहेरचा एक इलेक्ट्रॉन धातूभर मोकळा फिरतो. तांबे जेमतेम सहा टक्क्यांनी मागे आणि कितीतरी स्वस्त, म्हणून घराघरांत तारा तांब्याच्या असतात. दुसऱ्या महायुद्धात तांब्याची टंचाई झाली, तेव्हा अमेरिकेने ओक रिज येथील युरेनियम प्रकल्पातील विद्युतचुंबकांसाठी सरकारी खजिन्यातून 13 हजार टनांहून अधिक चांदी उसनी घेतली होती. तेच मोकळे इलेक्ट्रॉन उष्णताही नेतात. चांदीच्या फुलपात्रात गरम दूध ओतताच काठाचा चटका बसतो, तो यामुळेच.

पैंजण काळे पडतात ते गंजून नव्हे. हवेतील गंधकाच्या संयुगांशी चांदीचा संयोग होऊन सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर बसतो. घासून तो काढला, तर त्यात अडकलेली चांदीही जाते. त्याऐवजी भांड्यात ॲल्युमिनियमची फॉइल अंथरावी, तिला टेकतील असे पैंजण ठेवावेत आणि खायचा सोडा घातलेले कडकडीत पाणी ओतावे. हा एक छोटा विद्युतघटच होतो : ॲल्युमिनियम इलेक्ट्रॉन देते, गंधक सुटते आणि चांदी जागच्या जागी परत मिळते. सुटलेल्या गंधकापासून बनणाऱ्या वायूचा कुजक्या अंड्यासारखा वासही येतो. मात्र खडे बसवलेले किंवा नक्षी उठावी म्हणून मुद्दाम काळे केलेले दागिने या पाण्यात घालू नयेत.